मजूर म्हणा

माय, तुला अक्षर येत नव्हते आणि आता तर तुझा पत्ताही उरलेला नाही. तेव्हा हा पत्रव्यवहार सर्वथा निष्फळ आहे. तरी लिहितो, कारण जिनिंगची यंत्रे चहासाठी थांबली आहेत, आणि हाताला धरायला लेखणी तेवढी जवळ होती.

ज्या जिनिंगमध्ये तू यंत्राच्या तोंडी कापूस घालायचीस, तिथेच तुझा पुत्र लिपिकपदी विराजमान आहे. वेतनाची नवी संहिता आली, सर्वांची नेमणूकपत्रे नव्याने करायची ठरली, तेव्हा मालक म्हणाले, "हुद्दे भारदस्त पाहिजेत. काढा तुमच्या पोतडीतून." मी कृतार्थ झालो. हमालाला 'भारवहन-व्यवस्थापक' केले, झाडणारीला 'परिसर-व्यवस्थापिका'. सगळे पोट धरून हसले. म्हातारा हमाल म्हणाला, "म्हंजे आता पोतं उचलू का नोको, साहेब?" मी वदलो, "उचला, परंतु व्यवस्थापनपूर्वक."

काल मालकांचा सल्लागार बशीत चहा ओतता ओतता म्हणाला, "झकास काम केलं तुम्ही. व्यवस्थापक हा कामगारात मोडत नाही. काढलं तर दाद कुठं मागेल? अन् बोनससाठी भांडेल कोण?" कायदा नाव नव्हे, काम पाहतो, असे मी क्षीण स्वरात निवेदन केले. "कोर्टात पाहतो ना," तो हसला, "तिथवर पोचते कोण?" तो विनोद माझा होता, माय. त्यावर आज चहानंतर सह्या व्हायच्या आहेत.

मला आपली चूल आठवते. तू भाकर थापते आहेस आणि सांगते आहेस, की जुने मालक म्हणाले, तू तर घरचीच, तुले कायचा बोनस, हे लुगडं घेऊन जाय. तू लुगड्याला हात लावला नाहीस. "म्या म्हनलं, मले घरची नोका म्हनू मालक, मजूर म्हना. घरच्या बाईले पगार भेटत नाही, मजुराले भेटते." मी विचारले, "काऊन नाही घेतलं? चांगलं होतं ना?" तू भाकर तव्यावर टाकलीस. "लेका, गोड नाव ठेवलं का समजून जाय, काहीतरी कापून राह्यले." बोनस तुला मिळाला. पुढच्या हंगामात मात्र बोलावणे आले नाही, आणि तू वडनेरच्या वाटेने लोकांच्या शेतात निंदायला जाऊ लागलीस.

तो हंगाम मी विसरलेलो नाही; भीती आहे ती त्याचीच. माझेही पदनाम मीच योजले आहे, 'आस्थापना-महाव्यवस्थापक'. म्हणजे मी तोंड उघडले आणि मला काढले, तर दाद मागायची सोय मी स्वहस्ते, सुवाच्य अक्षरात बंद करून ठेवली आहे.

म्हातारा हमाल आत्ताच दारात आला. "साहेब, चहा झाला. आमाले वाचता येत नाही. तुमी म्हनता तर करतो सही." मी म्हणालो, "नोको करू." यंत्रे बंद आहेत, तरी त्याला ऐकू गेले नाही, इतक्या हळू म्हणालो. "काय म्हनलं?" असे विचारत तो अजून उभा आहे आणि मी मान खाली घालून हे लिहितो आहे.

माय, मले लय भेव लागून राह्यलं.