फ्रीजरमधलं कापड

१२ मे २००६, नाशिक

हे गेल्याला आज आठवडा झाला. दुपारी अंबडच्या आमच्या कारखान्यातून वॉचमनचा फोन आला. सकाळपासून वीज नाही, फ्रीजर गरम झालाय. त्यातल्या कार्बनच्या कापडाला रेझिन, म्हणजे भट्टीत कडक होणारी चिकट राळ, लावलेली असते; उन्हाळ्यात बाहेर राहिलं की ते वाया जातं. नवं मागवायला महिने लागतात. तोवर यांनी घेतलेलं फवारणीच्या नळ्यांचं काम हातचं गेलं असतं.

नणंद म्हणाली, "वहिनी, तेरावं तरी होऊ दे. लोक काय म्हणतील?"

सासूबाई म्हणाल्या, "तो स्वतःच्या सुतकातही कारखान्यात गेला असता. जा तू."

गेले. नळी सुटून यावी म्हणून पोलादी दांड्याला मेण लावलं, त्यावर कापड गुंडाळलं, वरून टेप घट्ट आवळली. वीज आल्यावर भट्टीत भाजलं. यांच्या हाताखाली केलं होतं, एकटीने कधीच नाही. नळी थंड झाल्यावर दांडा ओढला, तर हलेना. मेण कमी पडलं का? कापड फुकट घालवलं का? पाय टेकवून पुन्हा ओढला, तेव्हा सुटला. नळी हातात घेतली. किती हलकी.

उरलेलं कापड उद्याच संपवायचं. तेराव्यापर्यंत थांबणार नाही.

बाकीच्या दांड्यांना मेण जाड लावून ठेवलं, आणि हात धुतले.