मिलचं फाटक

चि. राजशेखरला राजकोटहून दादाचे भरभरून आशीर्वाद.

मी मजेत आहे. डाळमिलचं नवं यंत्र पसंत केलं. इथं भाजीतसुद्धा गूळ घालतात, बाकी त्रास न्हाई. आईचा गुडघा कसा आहे?

फोनवर रागावल्यासारखं वाटलं असतं, म्हणून लिहितो. काल तू बोलत होतास, तेव्हा मागं नुसतं यंत्र ऐकू येत होतं. सोनपेठच्या बाजाराचा दिवस असून माणसाचा आवाज न्हाई! तुझ्या वहिनीला खोदून विचारलं. म्हणाली, "भावजींनी फाटक लावलंय. शेतकऱ्यांला चिठ्ठी देतात, उद्या डाळ न्या म्हणतात. लिंबाजीमामा म्हणले, बसू देईनात तर आमी तूर परळीला नेतो." तिच्यावर चिडू नकोस.

अरे, धूळ होते, गोंगाट होतो, खरंय. पण गेल्या साली नदीकाठची तूर भिजल्याचं मामांनीच डाळ होईस्तोवर बसून सांगितलं. म्हणून आपण वेळेत झरी गावाहून कोरडी तूर आणली, न्हाईतर हंगामभर मिल बंद राहिली असती.

फाटक उघड, आणि मामांच्या घरी स्वतः जा. ते आधी लय बोलतील. मधे तोंड घालू नकोस, चहा पिऊनच ऊठ.

तुझा दादा,
विरूपाक्ष