चामराजपेटचा बटवा

४ नोव्हेंबर
मुक्ताचा फोन, शहराच्या दुसऱ्या टोकाहून, बेळ्ळंदूरहून. अमेरिकेच्या व्हिसाची मुलाखत १९ ला, चेन्नईत. मागच्या खेपेला नाकारला, तेव्हापासून पोरीचं डोकं ठिकाणावर नाही. म्हणते, "बाबा, चामराजपेटला एका अण्णांकडे बटवा आहे. त्यात पासपोर्ट ठेवला की व्हिसा मिळतोच." बटवा कुणाचा, तर सातशे वर्षांपूर्वी जग फिरलेल्या कुणा अरब प्रवाशाचा. मंतरलेला! एम.टेक. आहे आमची कन्या. धन्य.

६ नोव्हेंबर
सौ.पण सामील. "ठेवून बघायला काय जातं?" या एका वाक्यावर देशातले सगळे बुवा पोट भरतात.
पासपोर्ट आईनं किंवा बापानं स्वतः न्यायचा असा नियम. सौ.चे गुडघे दुखतात. म्हणजे मी.

९ नोव्हेंबर
पाहणी करून आलो. अण्णा म्हणजे शिंपी. घराणं चारशे वर्षं इथलं, मराठीत निम्मं कानडी. बाकावर चार-पाच आईबाप, हातात मुलांचे पासपोर्ट, तोंडं दवाखान्यात बसल्यासारखी. एक तर आमच्याच कारखान्यातला रिटायर्ड इंजिनियर. मला बघून पेपरात तोंड खुपसलं.
बटवा उंटाच्या कातड्याचा म्हणे. तीस वर्षं इन्स्पेक्शनमध्ये काढलीत, लगेच दिसलं. आत मशीनची टीप! म्हटलं, "प्रवाशाकडे शिलाई मशीन होतं वाटतं?"
"अस्तर मीच बदललं, सार. उंदरानं खाल्लं होतं."
मंतरलेला बटवा, आणि उंदीर खातात. वा.
आणखी एक नियम कळला. पासपोर्ट आत घालताना मुलाचं नाव घेऊन "जा" म्हणायचं. प्रवासी निघाला तेव्हा त्याच्या आईबापांनी अडवलं नाही, म्हणून. "मनापासून म्हणायचं, सार. मन मागं ओढलं तर बटवा घेत नाही." म्हणजे पळवाट आधीच शिवून ठेवलीय.

१४ नोव्हेंबर
मुक्ता पासपोर्ट देऊन गेली. "बाबा, तिथं थट्टा करू नका हं. प्लीज."
करणार नाही म्हटलं.

१५ नोव्हेंबर
गेलो. अण्णानं बटव्याचं तोंड उघडून धरलं. "म्हणा, सार."
आमच्या घरात निघणाऱ्याला "जा" म्हणत नाहीत, "ये" म्हणतात. आई तर मी कोपऱ्यावर दूध आणायला निघालो तरी... असो. मी उभाच. मागचे खाकरायला लागले. अण्णा म्हणाला, "स्वल्प थांबू या. घाई नाही." त्या समजूतदारपणाचाच संताप आला. असल्या भाकडकथांना मला वेळ नाही म्हणालो, पासपोर्ट खिशात घातला आणि बाहेर पडलो.
हॉटेलात कॉफी घेऊन तासभर बसलो. सगळं भाकड, तर एक शब्द म्हणायला काय जात होतं? उत्तर माहीत आहे. ती जायला नको आहे मला. एकुलती एक आहे. इथं आहे तर रविवारी जेवायला येते, भांडते. लिहिलं एकदाचं.
घरी सौ.नं विचारलं, "ठेवलात?" "हो."
संध्याकाळी मुक्ता पासपोर्ट न्यायला आली. कपाळाला लावला तिनं तो.

१९ नोव्हेंबर
अकराला फोन. नाकारला. दोन मिनिटांत आटोपलं म्हणे.
बटव्याचा काही संबंध नाही. खिडकीपलीकडच्या साहेबाला चामराजपेट ठाऊकही नसेल. पुन्हा लिहितो, संबंध नाही.
वाटलं होतं, मनातून तरी बरं वाटेल. नाही वाटलं.
ती आधी रडत नव्हती. म्हणाली, "बाबा, तुमचा काडीचा विश्वास नाही, तरी माझ्यासाठी तिथं जाऊन सगळ्यांसमोर 'जा' म्हणालात. आज आत जाताना मला तेवढंच..." मग रडली. मी फोन सौ.कडे दिला. भित्रा.

२० नोव्हेंबर
मुक्ता चेन्नईहून दुपारच्या गाडीनं येतेय. पुन्हा अर्ज करणार. सौ.ला फोनवर बजावलंय तिनं, "पुढच्या वेळीही पासपोर्ट बाबांनीच न्यायचा, आई, तू नको."
अण्णाला हसत होतो. तो निदान कुणाला खोटं सांगून मुलाखतीला पाठवत नाही. मी पाठवलं.
आज खरं सांगणार. स्टेशनवरून येताना रिक्षातच, सौ. नसताना. काय म्हणेल ते म्हणेल. रविवारी यायची बंद झाली तर...
आत्ता मोबाइलवर पाहिलं. गाडी चाळीस मिनिटं लेट. बरं झालं.