धक्क्यावरचं फडकं

दादा,

तू सैन्यात गेल्यापासून भरती आली की धक्क्यावर पांढरं फडकं मीच दाखवते. खडक बुडाल्याची ती खूण दिसल्याशिवाय लाँच बेटाला लागत नाही, हे तुला मी काय सांगायचं!

आज सगळं बेट रिकामं झालं. लढाई तोंडावर आलीय म्हणे. काकू ओरडली, "चल गं, भूत होऊन राहणार आहेस का इथे?" "आलेच," म्हणाले आणि जाळ्यांच्या खोलीत लपले. लाँच भोंगा वाजवून वाजवून गेली.

आता बोलायला काकूची कोंबडी तेवढी उरलीय, तीही रुसलेली. हे पत्र न्यायलासुद्धा कुणी नाही.

पण तू आलास आणि फडकं दिसलं नाही, तर घरी कुणी नाही असं समजून परत फिरशील ना रे.

धक्क्यावरूनच,
तुझी धाकटी