उलटा तास

प्रिय बाई,

तुझा उलटा तास बंद झाला. काल दुपारी केंद्रप्रमुखांनी फोनवर दुजोरा दिला. नव्या वेळापत्रकात खिचडीनंतरचा तो तास पडद्यावरच्या धड्यांना गेला आहे. "वरून आलं जी भाऊ, आमच्या हातात काई नाई," म्हणाले. आवाज त्यांचाही थकलेलाच होता.

तू गेल्यावर मी तुला कधी लिहिलं नाही. काय लिहिणार? जन्मभर पेपरात दुसऱ्यांच्या बातम्या वेळेत पोचवल्या, तुला कळवावं असं काही घडलंच नव्हतं. आता घडलं आहे. आणि ही बातमी मी नाही कळवली तर दुसरं कोण कळवणार? आलापल्लीच्या बसस्टँडवर बसून लिहितोय. गाडी यायला अवकाश आहे.

तू एटापल्लीच्या पुढची शाळा घेतलीस तेव्हा बाबा मूल गावच्या राईस मिलमधून काम करून आले होते. डोक्यावर, भुवयांवर सगळा भाताचा कोंडा. "काऊन वं, लोक तिथून बदल्या करून घेऊन राह्यले अन् तू तिकडं जाऊन राह्यली?" असं त्यांनी विचारलं. तू म्हणालीस, "तिथी पोरं नाई का, बाबा?" एवढ्यावर विषय संपला. आपल्या घरात शाळेविरुद्ध बोलायची सोयच नव्हती. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली, त्यानंतर घरात आधी कंदील आला म्हणतात, तोही अभ्यासासाठी.

पहिल्या सुट्टीत घरी आलीस तेव्हाचा तुझा चेहरा आठवतो. पाटीवर पोरांचं चुकलं की तू म्हणायचीस, "नाई, नाई." आणि अख्खा वर्ग वळून दाराकडे बघायचा. तुला कळेना, दारात आहे काय! मग शाळेतल्या स्वयंपाकीणबाईंनी सांगितलं, गोंडीत नाय म्हणजे कुत्रा. तू चूक दाखवत होतीस आणि पोरं कुत्रा शोधत होती!

आम्ही पोट धरून हसलो. तूही हसलीस. मग म्हणालीस, "सुधा, ते मले समजून घ्याले बसले होते रे. मीच त्याईले समजून नाई राह्यली."

परत गेलीस आणि खिचडीनंतर खाली टाटपट्टीवर पोरांच्या जागी जाऊन बसलीस; तोच उलटा तास. पोरं फळ्यापाशी उभी. त्यांनी गोंडी शब्द सांगायचा, तू तो पाटीवर लिहायचा, आणि त्यांनी तपासायचा. येर म्हणजे पाणी, कोर म्हणजे कोंबडी. मुद्दाम कुठेतरी काना विसरायचीस, मात्रा जास्त द्यायचीस. "बाई चुकली! बाई चुकली!" केवढा आनंद! पण चूक पकडायची तर अक्षर ओळखावं लागतं. बाईला पकडण्यासाठी पोरं वाचायला शिकली. त्यालाच पुस्तकात काय म्हणतात, हे मग ती स्वतःहून विचारायची.

मी नवोपक्रमांच्या किती बातम्या केल्या, बाई! साहेब बदलला की उपक्रम बदलतो. रंगवलेल्या फरशा, कपाटात कुलूपबंद टॅब, भिंतीवर झाडासारखे वाढणारे पाढे. उद्घाटनाला मी हजर, नंतर काय झालं ते विचारायला कोणी हजर नाही. कंटाळा येतो गं. माणसं वाईट नसतात, हेच जास्त कंटाळवाणं आहे.

आणि जे खरंच चाललं होतं ते तू लिहू दिलं नाहीस. "पेपरात नोको टाकू. बातमी आली का पाव्हणे येते, पाव्हणे आले का पोरं मुकी होते." बरोबर होतं तुझं. पण काल केंद्रप्रमुखांनी विचारलं, "त्या तासानं काय होत होतं, याचा पुरावा काय?" आणि माझ्यापाशी दाखवायला एक कात्रणही नव्हतं. एवढं कशाला लपवलंस, बाई? दुखणंही असंच लपवलंस. परीक्षा होऊ दे, मग डॉक्टरला दाखवते म्हणालीस. परीक्षा झाल्या. तुला दाखवायला उशीर झाला.

आज पहाटेची बस धरून शाळेत गेलो. रस्ता तुझ्या ओळखीचाच, फक्त खनिजाच्या ट्रकांची लाल धूळ आता झाडांच्या शेंड्यापर्यंत गेली आहे. तुझ्या जागी भद्रावतीचे सर आलेत. फॅक्टरीच्या कॉलनीत वाढलेला भला मुलगा, शुद्ध बोलतो. पडदा सुरू होता. पडद्यावरची ताई गोड आवाजात म्हणाली, "सांगा पाहू, हे काय आहे?" पहिलीची पोरं गप्प. ताई थोडी थांबली आणि म्हणाली, "अगदी बरोबर!"

चौथीतली मैनी माझ्याजवळ सरकली. "तू बाईचा भाऊ? नाक तसंच हाय."

मी विचारलं, "पडदा आवडते का?"

"चित्रं मस्त हायेत. पण ते मशीन चुकतच नाई. मग आमी वाचून काय करू?"

सरांनी ऐकलं. पडदा बंद केला. माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "मला गोंडीचा एक शब्द येत नाही हो. खाली बसलो तर मुलं हसतील."

"बाईला तरी कुठं येत होती?" मी म्हणालो.

"येत नाई तेच बरं," मैनी म्हणाली. "बाई नंतर नंतर खोटं खोटं चुकायची. सर खरंखरं चुकन."

सर हसले, बाई! कान लाल होईपर्यंत हसले. आणि माझ्यासमोर त्यांनी केंद्रप्रमुखांना फोन लावला. बराच वेळ "हो सर, हो सर" चाललं. सोमवारी केंद्रप्रमुख शाळेत येणार आहेत. त्यांच्यापुढे उलटा तास घ्यायचा. पहिलीची पोरं बोलली तर सकाळच्या परिपाठात त्याला जागा काढू म्हणाले. नाही बोलली तर पडदाच.

मला फार आशा नाही. पाव्हणे आले की पोरं मुकी होतात, हे तूच सांगून ठेवलंयस. तरी एक वचन देतो. सोमवारी मी मागे टाटपट्टीवर बसेन, आणि तुझी बंदी मोडून जे होईल ते लिहीन. पोरं बोलली तर तसं, गप्प राहिली तर तसं. रागावायचं असेल तर रागव.

सर सोमवारी पाटी घेऊन खाली बसणार आहेत. त्यांच्यासाठीचा पहिला शब्द मैनीने पहिलीच्या पोरांना वाचायला शिकवून ठेवलाय. मी खूप विचारला, मला सांगितला नाही. "लई अवघड हाय," एवढंच म्हणाली.

गाडी लागली. जयभीम, बाई.

तुझा धाकटा,
सुधाकर