टोपली वर आली होती

बाबा, तो टोपलीचा सिनेमा परवा घरी पाहिला. शेवटपर्यंत पाहिला. तुम्ही असता तर ऐन वेळी मला काहीतरी आणायला खाली पिटाळलं असतंत, म्हणून आधी तुम्हालाच सांगावंसं वाटलं.

तुमची नात आता नववीत आहे. तुम्ही गेलात तेव्हा पाळण्यात होती, आता माझ्यापेक्षा उंच झालीय. शाळेत त्यांना दुसरं महायुद्ध शिकवताहेत, आणि नाझींनी ज्यूंचे जे हाल केले त्यावरचा, लहान मुलांचा एखादा सिनेमा पाहून त्यावर लिहायचंय. हिने एकाऐवजी तीन-चार पाहिले. एकदा जेवताना म्हणाली, "आई, सगळ्यांमध्ये सेमच असतं गं. दोन मुलं असतात, एक ज्यू, एक नाही. दोघं दोस्त होतात. त्यांना काहीच माहीत नसतं आणि आपल्याला सगळं माहीत असतं. मग आपण रडतो." मी म्हटलं, बरं लिहिशील, हेच लिही. मग तिने आणखी एक लावला, काळा-पांढरा, जुना. मी भांडी घासून हात पुसत बाहेर आले आणि पडद्यावर एका इमारतीच्या भिंतीवरून दोरीला बांधलेली टोपली वर चालली होती. मी तशीच ओल्या हातांनी सोफ्याच्या कडेवर बसले.

तो रविवार मला चांगला आठवतो. आठवडाभर तुम्ही थिएटरात ऑपरेटर, आणि रविवारी सकाळी कांदिवलीच्या शाळेच्या हॉलमध्ये त्या फिल्म सोसायटीचं छोटं प्रोजेक्टर चालवायला जायचात. खुर्च्यांवर चष्मेवाली, झोळीवाली मंडळी. पाठीमागे टेबलावर प्रोजेक्टर, आणि शेजारच्या बाकावर आम्ही दोघी, मी आणि खालच्या मजल्यावरची माझी मैत्रीण. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, ती बरोबर आमच्या खाली. एकाच मराठी शाळेत, एकाच बाकावर. तिचे अब्बा रत्नागिरीकडचे, तुम्हीही तिकडचेच, त्यामुळे जिन्यात भेटलात की आधी गावाकडचा पाऊस आणि मग बाकीचं. सिनेमाची भाषा आम्हाला कळत नव्हती आणि खालच्या इंग्रजी ओळी वाचून होईपर्यंत निघून जायच्या, पण काही अडत नव्हतं. खालच्या मजल्यावर पाववाल्याची मुलगी, वरच्या मजल्यावर तिची मैत्रीण. खालची टोपलीत पाव ठेवते, दोरीला दोन हिसके देते, वरची टोपली ओढून घेते आणि त्यात चित्र, बटण, असलं काहीतरी घालून परत सोडते. मग वरच्या मुलीच्या कोटावर तो ज्यूंना लावावा लागायचा तो तारा शिवला जातो. मग ती शाळेत दिसेनाशी होते. मग एके सकाळी जिन्यात खूप बूट वाजतात.

इथे रीळ संपलं. तुम्ही नवीन रीळ चढवता चढवता आमच्याकडे न बघताच म्हणालात, "आता शेवटच्या रिळात काही नाही गं. नुसती नावं येतात. जा, खाली चहावाल्याला चहा सांगा आणि तिथेच बसा. मी आलोच." आम्ही गेलो. घरी येताना मी विचारलं, "बाबा, मग काय झालं?" तुम्ही म्हणालात, "काय व्हायचंय? टोपली वर आली." मी म्हटलं, "म्हणजे त्या भेटल्या?" "टोपली वर आली म्हणजे भेटल्याच ना." माझी मैत्रीण बाजूने चालत होती. चपलेने एक खडा ढकलत तिने तो घरापर्यंत आणला. घरी पोचल्यावर आम्ही आईची भाजीची वायरची पिशवी घेतली, तिला सुतळी बांधली आणि गॅलरीतून वर-खाली सुरू केलं. चिंचा, पेन्सिलीचे तुकडे, एकदा तर तिच्याकडची अख्खी वाटी शीरखुर्मा. सुतळी दोनदा तुटली, आईचे दोनदा धपाटे खाल्ले.

परवा कळलं, टोपली खरंच वर येते. तुम्ही तसं खोटं बोलला नव्हतात. खालची मुलगी किती दिवस रोज पाव ठेवून दोरी ओढते आणि टोपली तिथेच राहते. मग एक दिवस दोरी ताणली जाते, टोपली वर जाते. कॅमेरा वरच्या खिडकीत जातो. तिथे दुसरीच मुलगी आहे. त्या जागेत राहायला आलेल्या नवीन कुटुंबातली. अंगात पहिल्या मुलीचाच कोट, ताऱ्याच्या जागी नुसती उसवलेली शिवण. ती पाव खाते. आणि खाली ती पाववाल्याची पोर मान वर करून टाळ्या वाजवते, कारण तिला वाटतं मैत्रीण परत आली. तिथेच संपतो सिनेमा. तुमची नात उशी कवटाळून रडत होती. मी रडले नाही. मला राग आला होता, आणि तो त्या सिनेमावर नव्हता. मी इतकी वर्षं त्या खालच्या पोरीसारखी टाळ्या वाजवत होते, आणि ते तुम्ही केलं होतंत.

कारण ब्याण्णव-त्र्याण्णवची ती दंगल झाली त्याच हिवाळ्यात आमच्या खालची जागा रिकामी झाली. तुम्ही मला सांगितलंत, "त्यांना मोठी जागा मिळाली." मी खाली धावत गेले तर सामान बांधलेलं. मी तिच्यावर रुसले होते, मला न सांगता चालली म्हणून. म्हटलं, "किती खोल्या आहेत?" ती म्हणाली, "दोन. आणि बाल्कनी पण आहे." मला इतका हेवा वाटला की मी तिला टाटासुद्धा धड केला नाही. महिन्याभरात तिथे दुसरे लोक राहायला आले. त्यांच्याकडे माझ्या वयाचा मुलगा होता, त्याला मी पिशवीचा खेळ शिकवला.

शाळेच्या ग्रुपमुळे ती दोनेक वर्षांपूर्वी सापडली होती. ईदला मी मेसेज करायचे, दिवाळीला ती. बस, तेवढंच. परवाच्या सिनेमानंतर मी फोन केला आणि काल, शनिवारी, मीरा रोडला तिच्या घरी गेले. केस मेंदीने लाल केलेत, नवऱ्याचं मेडिकलचं दुकान आहे, स्वतः शाळेत गणित शिकवते. हसली की अजून तशीच एका बाजूने हसते. मी चहा घेता घेता सिनेमाचा शेवट सांगायला लागले, तर म्हणाली, "माहितीये मला. कोट घातलेली दुसरी मुलगी." मी कप खाली ठेवला.

"मी पाहिला होता गं तेव्हाच. तुला चहावाल्याकडे बसवून बाथरूमला जाते म्हणून वर गेले नव्हते का? दारातून पाहिला."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"काकांनी मला बघितलं ना दारात. ओरडले नाहीत. लाइट लागल्यावर जवळ बोलावलं, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, तिला नको सांगूस हं, ती झोपणार नाही."

"आणि तू झोपलीस?"

"नाही," ती म्हणाली आणि माझ्या बशीत आणखी दोन खारी ठेवल्या. "पण मला कोण विचारणार होतं यार?"

मग मी त्या दोन खोल्यांचं विचारलं. बाल्कनीचं. ती जोरात हसली. मुंब्र्याला मामाच्या एका खोलीत नऊ माणसं राहिली दोन वर्षं. "तू तोंड एवढंसं करून विचारलंस, किती खोल्या? मला वाटलं, हिला आता काय सांगायचं." मी म्हटलं, अगं, आपण एकाच वयाच्या होतो. ती म्हणाली, "वय एकच होतं. मला माहीत होतं, तुला नव्हतं. एवढाच फरक."

बाबा, घरी येताना मी तुमच्या नातीच्या त्या वाक्याचा विचार करत होते, की त्या सिनेमांतल्या दोन्ही मुलांना काहीच माहीत नसतं. मला आता ते पटत नाही. ज्याच्या कोटावर तारा शिवतात त्या पोराला सगळं माहीत असतं. त्याला माहीत नसून चालतच नाही. सिनेमा बनवणारे दोघांनाही निरागस करून टाकतात, कारण आपल्याला ते बघायला बरं वाटतं. आमच्या दोघींत निरागस मीच एकटी होते. माझा निरागसपणा तुम्ही सांभाळलात, आणि तुमच्या सांगण्यावरून तिनेही सांभाळला, नऊ वर्षांच्या पोरीने.

हे मी तुमच्यावर रागावूनच लिहायला बसले होते. पण तिने निघताना आणखी एक गोष्ट सांगितली, त्यामुळे पंचाईत झालीय. दंगलीतल्या एका संध्याकाळी, मी आणि आई मावशीकडे दहिसरला असताना, पाच-सहा जण आपला जिना चढून आले. पहिल्या मजल्यावर कोण राहतं, विचारत. ती सगळी आत होती, अंधार करून, दाराला कान लावून. तुम्ही बाहेरून कुलूप लावलं होतंत आणि पायरीवर पेपर वाचत बसला होतात. तुम्ही म्हणालात, "कोणी नाही. गावाला गेले परवाच. चावी माझ्याकडे आहे, नळाचं पाणी भरायला. बघायचंय? उघडू?" त्यांनी बघितलं नाही. "काका खोटं इतकं सरळ बोलायचे," ती म्हणाली, "की मलाही क्षणभर वाटलं, आपण खरंच गावाला आहोत." असं म्हणून तिने माझा हात घट्ट धरला, आणि मग सोडून कपबशा उचलल्या.

मी विचारलं, कोण होती ती माणसं, बाहेरची? ती आधी नको म्हणाली. मी फारच मागे लागले तेव्हा म्हणाली, चार बाहेरची होती. पहिला मजला दाखवायला जो पुढे होता तो आवाज ओळखीचा होता. बाबा, ते आपल्या समोरच्या दारातले काका. तुम्हाला अर्थातच माहीत होतं. त्यानंतर वीस वर्षं तुम्ही त्यांच्याबरोबर गच्चीवर गणपतीचा मंडप बांधलात, पत्ते खेळलात. तुमच्या तिरडीला पहिला खांदा त्यांनी दिला. आता पंच्याऐंशीचे आहेत, एकटेच असतात. तुमची नात त्यांना आजोबा म्हणते, त्यांच्या डोळ्यांत थेंब घालते, आणि ते तिच्यासाठी रोज खिडकीत चिकू पिकत ठेवतात.

तिला हे सगळं सांगायचं, असं मी स्टेशनवरून येताना ठरवलं होतं. सगळं म्हणजे सगळं, शेवटच्या रिळासकट. रात्री जेवायला बसलो आणि मी सांगितलंही: कुलूप, पेपर, नळाचं पाणी. तिचे डोळे चमकले. म्हणाली, "आजोबा काय भारी होते गं!" मग भाताचा घास तसाच हातात धरून तिने विचारलं, "आणि ती माणसं कोण होती? आपल्या बिल्डिंगमधली नव्हती ना?"

मी तिला वरण वाढलं. म्हटलं, "छे गं. बाहेरची होती सगळी."