दहा गाईंमागे एक माणूस

प्रिय मोठ्या,

तुझं पत्र पोचलं. अक्षर तुझं नव्हतं. तुला पडून राहायला सांगितलंय म्हणून नर्सबाईंनी लिहिलंय, हे खाली वाचलं तेव्हा जिवात जीव आला. गुडघा आता वाकणार नाही, डाव्या कानाने ऐकू येणार नाही, लष्कर पुढच्या महिन्यात घरी सोडणार, हे सगळं तू एका ओळीत उरकलंस. बाकीची सगळी विचारपूस गोठ्याची. बाबांनी ती मोठ्याने वाचली आणि म्हणाले, चला, पोरगा शाबूत आहे.

गोठ्यात दहा आहेत. सहा दूध देतात, चार भाकड, आणि खायला त्याच पुढे. लढाईच्या आधी पेंड ज्या भावाने मिळायची त्याच्या तिप्पट झाली आहे. दुधाचा भाव सरकारने बांधून दिलाय, तो हलत नाही. बाबा म्हणतात, यांच्यापेक्षा भिंत बरी, निदान चारा मागत नाही. पलीकडच्या शेतातल्या बाईने आपल्या भाकड गाई कधीच विकल्या. आता भेटली की विचारते, तुमच्याकडे गाईंना पेन्शन मिळते म्हणे. तूही दर पत्रात लिहितोस, त्या चार काढून टाका, माझा पगार पेंडीत कशाला घालता. मी दरवेळी उत्तरात हवापाणी लिहिलं.

तर ऐक. नियम असा आहे की दहा गाईंमागे एक तरणा माणूस घरी ठेवता येतो. नऊ झाल्या की नाही. गेल्या वर्षी लहान्या भरतीच्या वयाचा झाला, तेव्हापासून आपण त्या चौघींना पोसतो आहोत. गुरांचा साहेब मोजायला येतो. मोजलेल्या प्रत्येकीच्या पाठीवर खडूने रेघ मारतो, म्हणजे एकच गाय मागच्या दाराने पुन्हा यायला नको. थंडीत काळी बसली ती उठेना. बाबांनी आणि लहान्याने तिच्या पोटाखालून पोती घातली, दोर तुळईवर टाकले आणि तिला उभी धरली. साहेबाने दोर पाहिले, काळीकडे पाहिलं आणि रेघ मारली. जाताना मला म्हणाला, बाई, जपा तिला. जपली. अजून आहे.

लहान्याला हे आवडत नाही. रस्त्यात लोक बघतात. एकदा तुझं जुनं जाकीट घालून भरतीच्या कचेरीपर्यंत जाऊन आला. तिथे जेवणाची सुट्टी होती, दार बंद. घरी येऊन त्यानेच सांगितलं आणि हसला. मला हसू आलं नाही.

तू येणार म्हणून बाबांनी खालची खोली रंगवली. तुझ्यासाठी उंच स्टूल करतायत, पाय लांब ठेवून धार काढता येईल असं. लहान्याला त्यावर बसवतात, एक पाय ताठ धरायला लावतात आणि माप घेतात. काल तो घसरून शेणात पडला. दोघं किती वेळ हसत होते. मी बाहेर बादली घेऊन उभी राहिले, आत गेले नाही.

कारण त्याच्या आदल्या दिवशी मी साहेबाला वाटेत गाठलं होतं. तुझं सगळं सांगितलं, म्हटलं विचारून ठेवावं. भला माणूस आहे, टोपी काढून ऐकलं त्याने. मग म्हणाला, "बाई, असा गुडघा लष्कराला चालत नाही, गोठ्याला चालतो. तो घरी आला की तुमचा माणूस तो." म्हणजे तू घरात पाय ठेवलास की त्याच दिवशी लहान्याची सूट संपली.

हे मी बाबांना सांगितलेलं नाही. लहान्याला तर नाहीच, तो त्याच संध्याकाळी भरतीला निघेल. सोडताना तुला विचारतील, राहणार कुठे. तिथे घर सांगू नकोस. मावशीचा पत्ता दे. तिच्या शिवणाच्या दुकानामागची खोली रिकामी आहे, काम बसून करायचं आहे. लढाई संपेपर्यंत तिथेच राहा. इकडे भेटायलाही येऊ नकोस, मी येत जाईन. तुझा पगार थांबला की पेंडीसाठी वरचं शेत विकायला काढू, तो माझा प्रश्न. तू नाही म्हणालास तर सरळ घरी ये, मी एक शब्द बोलणार नाही. दोघांतला एक मला निवडता येत नाही, असं लिहिणार होते. पण हे पत्र लिहायला बसले, म्हणजे निवडलंच की. काय ठरवतोस ते मावशीच्या पत्त्यावर कळव. घरी आलेलं पत्र बाबा उघडतात, आणि मोठ्याने वाचतात.

तुझीच,
आई